वाचकांचे प्रश्न : बांबू नसलेल्या जिल्ह्यात

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा हक्क कसा मिळवला, याविषयी या सदरात मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आली आहेत. माळरानाच्या आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यातून जंगलाच्या गोष्टीला एवढा प्रतिसाद यावा याचे प्रथम नवल वाटले. पत्रे वाचल्यावर ते ओसरले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत आणि काही प्रश्न संक्षेपाने छापले आहेत.

प्रश्न : मेंढा-लेखाकडे जंगल होते, म्हणून हक्क मिळताच पैसा आला. सोलापूर जिल्ह्यात ना तसे जंगल आहे, ना हा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या यादीत, येतो. आमच्याकडे आहेत त्या पारध्यांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे, कैकाडी, वडार, टकारी समाजाची घरे. त्यांनी या उदाहरणातून काय घ्यायचे?
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, पण त्यातील ‘हक्क मिळताच पैसा आला’ हे वाक्य थोडे थांबून तपासायला हवे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, त्याने बांबूची गणना गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकडाखेरीजच्या जंगलउत्पन्नात, केली आणि त्यावरील मालकी तेथील लोकांची असल्याचे मान्य केले. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला, आणि तो मिळेना. म्हणजे कागदावर गाव मालक झाले, पण मालकाला स्वतःचा माल वेशीबाहेर नेता येत नव्हता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा कोठे विक्री सुरू झाली. पुढे २०१२ मध्ये वनहक्काचे नियमच दुरुस्त होऊन असे परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले. बांबू त्या जंगलात पूर्वीही होता आणि पूर्वीही तोडला जात होता. फक्त तो कागद कारखान्याकडे जाई आणि गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी येई. गावाचे नशीब पालटले ते परवान्यावरची सही पालटल्यामुळे. त्या सहीमागे अभ्यासगटांत बसून कायदे वाचण्याची आणि एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलण्याची, म्हणजे सर्वसहमतीची, कित्येक वर्षांची सवय होती. ती सवय नसती तर परवानापुस्तक एखाद्या ठेकेदाराच्या खिशात जायला फार दिवस लागले नसते, असे मला वाटते.

आता सोलापूरकडे वळू. आपल्या शहरात याच्या नेमका उलट प्रयोग एकदा होऊन गेला आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि त्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी सेटलमेंट उभी राहिली. आत राहणाऱ्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जायला पास लागे. तेथील अनेक स्त्रीपुरुष कुंपणातून निघून गिरणीत आणि गिरणीतून पुन्हा कुंपणात अशा फेऱ्या करीत. माझ्या लहानपणी ‘सेटलमेंट’ हे मला साखर पेठ किंवा रेल्वे लाइन्स यांसारखेच एका भागाचे नाव वाटे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावातील ‘फ्री’ म्हणजे कशापासून मोकळी, हा प्रश्न कोणी विचारताना ऐकल्याचे मला आठवत नाही.

या प्रयोगाकडे केवळ अर्थकारणाच्या नजरेने पाहा. हाताला काम होते, मजुरी रोख होती, डोक्यावर छप्पर होते, मुलांसाठी शाळा होती. आज एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात या चारही रकान्यांत ‘होय’ असे लिहिलेले असेल, तर तो प्रकल्प यशस्वी म्हणून गणला जाईल. मात्र कोठे राहायचे, कोणते काम करायचे, मिळालेल्या पैशातून काय उभे करायचे, यांपैकी एकही गोष्ट त्या माणसांच्या हाती नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्यानंतरच्या दशकांत सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले. गिरणी बंद झाल्यावर इतर कामगारांपैकी पुष्कळांना परत जायला गाव होते, चार एकर का होईना कोरडवाहू रान होते, सोयऱ्याधायऱ्यांचे दुकान होते. सेटलमेंटमधून आलेल्यांकडे पोलीस ठाण्यातील जुनी नोंद होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की सोलापुरात बांबूच्या जागी काय आहे हे शोधण्याआधी परवानापुस्तक कोणाकडे आहे हे शोधावे. पारधी वस्तीसाठी ते परवानापुस्तक म्हणजे जातीचा दाखला आणि पायाखालची जागा. तांड्यासाठी बहुधा कच्चा माल आणि गिऱ्हाईक. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी मुकादमाची वही, जिच्यात उचल किती दिली आणि किती फिटली हे तोच लिहितो आणि तोच वाचतो. कारखाना हंगामाअखेरीस हिशेब मुकादमाशी करतो, कोयत्याशी, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याशी, करीत नाही. त्यामुळे सहा महिने राबूनही ‘अजून बाकी आहे’ हे उत्तर खोडून काढायला त्या जोडप्याजवळ कागदाचा एक चिटोराही नसतो. उसाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेऊन ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ चालवण्याची तरतूद राज्याने केली आहे. ती चांगलीच आहे, पण उचल-फेडीची एक प्रत कोयत्याच्या हाती देण्याची सक्ती झाली, तर माझ्या मते तिचा उपयोग त्याहून अधिक होईल.

प्रश्न : मी पारधी समाजातील असून बारावी झालो आहे. आमची वीस-बावीस घरांची वस्ती गायरानात आहे. शेळीपालनासाठी कर्ज मागायला गेलो, तर जातीचा दाखला, जामीनदार आणि जागेचा उतारा मागितला. तिन्ही नाहीत. आता कोणत्या क्रमाने काय करावे?
— एक तरुण, मोहोळ तालुका

उत्तर : तुमचे पत्र सर्वांत नेमके आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

प्रथम दाखला. ‘पारधी’ एवढ्या एका शब्दावर कोणत्याही कचेरीत जाऊ नका. महाराष्ट्रात फासेपारधी हे अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, तर राजपारधी आणि पालपारधी ही नावे विमुक्त जातींच्या यादीत आहेत. एकाच वस्तीत, क्वचित एकाच भावकीत, दोन्ही याद्यांतील नावे सापडतात आणि त्यावरून पुढचे सगळे रस्ते वेगळे होतात. फासेपारध्यांसाठी आदिवासी विकास विभाग, सोलापूरचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि शबरी महामंडळ. इतर दोहोंसाठी वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळ. पुराव्याची तारीखही वेगळी आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, विमुक्त जातीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. ज्यांचे आजोबा त्या काळी फास आणि पाल घेऊन या माळावरून त्या माळावर फिरत होते, त्यांच्याकडून सरकार पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा पत्ता मागते, यातील विसंगती मला दिसते. पण ती दिसून तुमचे काम होणार नाही, म्हणून मार्ग सांगतो.

आजोबा-पणजोबांची नावे, ती ज्या ज्या गावांत राहिली त्या गावांची नावे आणि चुलत घराण्यांची नावे एका वहीत लिहून काढा. त्या गावांच्या तहसील कचेरीत गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीचे जुने कोतवाल बुक असते. त्याची नक्कल मागा. कोणी चार दिवस जरी शाळेत गेले असेल, तर तेथील निर्गम उताऱ्याची नक्कल घ्या. जुन्या पोलीस किंवा सेटलमेंटच्या नोंदी मिळाल्या तर त्याही सोडू नका. ज्या हजेरीपटाने आजोबांना कुंपणात ठेवले, तोच नातवाच्या दाखल्यासाठी उपयोगी पडू शकतो. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला जातवैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर ते सर्वांत भक्कम; तालुक्याबाहेरचा चुलत चुलता का असेना, त्याला शोधून काढा. चालीरीती आणि देवदेवक विचारून जमात ठरवण्याची जी ‘आप्तभाव चाचणी’ असते, ती एकमेव कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट जागेची. गायरानावरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग खटल्यातील निकाल कठोर आहे आणि नोटिसा त्याच्याच आधारे निघतात. परंतु त्याच निकालात अपवादाची एक खिडकी ठेवलेली आहे : शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जागा, तसेच जेथे आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय उभी आहे, अशा बाबींत नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. म्हणून दाखला आधी आणि जागेचा अर्ज नंतर, हा क्रम उलटवू नका. अर्ज वीस घरांनी वीस वेळा करण्यापेक्षा ग्रामसभेत एक ठराव करून घ्यावा. ठराव होणे सोपे नाही. गावात पारधी वस्तीविषयी जो आकस असतो तो सोलापूरच्या वाचकाला मी समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट जामीनदाराची. महामंडळ सरकारी नोकर किंवा सातबारा असलेला शेतकरी जामीन मागते, आणि तुमच्या वस्तीत दोन्ही नाहीत. येथे माझा आग्रह असा, की एकट्याने कर्ज मागू नये. वस्तीतील दहा-बारा स्त्रियांचा बचत गट करावा आणि सहा महिने दर आठवड्याची बचत व आपसातील देवघेव वहीत नीट लिहावी. ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, यंत्रणेत नोंद असलेल्या गटांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने कोणतेही तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तारण नसलेल्या माणसाचे तारण म्हणजे ती वही.

राहिल्या शेळ्या. ‘१० शेळ्या, १ बोकड’ हा साचा सरकारी योजनांतून आला आहे आणि तो मला वस्तीच्या दृष्टीने घातक वाटतो. शेळी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते, आणि करडू विकण्याजोगे व्हायला आणखी सात-आठ महिने जातात. म्हणजे पहिले वर्षभर कळप खातो, देत काहीच नाही. हप्ते मात्र त्याआधीच सुरू होतात. मग घरात कोणी आजारी पडले की एक शेळी विकली जाते, हप्त्यासाठी दुसरी, आणि दीड वर्षात कळप संपून कर्ज तेवढे उरते. तीन उस्मानाबादी शेळ्यांपासून सुरुवात करा, पहिला हप्ता वर्षानंतर येईल अशी मुदत लेखी मागून घ्या आणि विमा उतरवल्याशिवाय शेळी दारात आणू नका. शेळीच्या कानातील बिल्ला पडला तर त्याच दिवशी कळवा, एरवी विम्याचा दावा फेटाळला जातो.

आणखी एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हा पारध्यांचा धंदा गेला आणि त्याबरोबर माळरानाचे त्यांचे ज्ञानही निरुपयोगी ठरवले गेले. मध्य प्रदेशात पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पारधी तरुण पर्यटकांना पायी जंगल दाखवतात आणि त्यावर मिळवतात. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. माळढोक आता दुर्मीळ झाला असला, तरी काळवीट, लांडगा आणि गवतावरचे पक्षी पाहायला लोक दुरून येतात, आणि तित्तिराचा माग काढणारा डोळा तुमच्या वस्तीत अजून आहे. हे काम उद्याच मिळेल असे मी म्हणत नाही, पण वनखात्याकडे गटाच्या नावाने अर्ज करून ठेवायला काही खर्च येत नाही.

प्रश्न : अमेरिका आणि कॅनडातील आदिवासी जमातींनी जुगारघरे व उद्योग काढून प्रगती केली, असे वाचनात येते. आपल्याकडे तसे का होत नाही?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : जुगारघरांची गोष्ट दिसते तेवढी मोठी नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानंतर जमातींना आपल्या राखीव भूमीवर जुगारघरे चालवण्याची चौकट मिळाली, पण भरघोस उत्पन्न मुख्यतः मोठ्या शहरांजवळ असलेल्या जमातींच्या वाट्याला आले. दूरवरच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशांत गरिबी टिकून राहिली. त्यापेक्षा हार्वर्ड विद्यापीठात १९८७ मध्ये स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी सुरू केलेल्या संशोधनाकडे पाहा. एका जमातीची स्थिती का सुधारते आणि तिच्याच शेजारची का सुधारत नाही, याचा शोध घेताना त्यांना आढळले की केवळ नैसर्गिक संपत्ती असण्याने किंवा शिक्षण वाढण्याने फरक पडत नाही. महत्त्वाचे निर्णय जमात स्वतः घेते का, आणि त्या निर्णयांमागे लोकांना आपल्याशा वाटणाऱ्या, राजकारण्यांच्या लहरीवर न चालणाऱ्या संस्था आहेत का, यावर पुष्कळ अवलंबून असते. ७५ जमातींच्या जंगलव्यवसायाचा एक अभ्यास असे दाखवतो, की सरकारी खात्याकडून काम जमातीकडे आले तेथे उत्पादकता वाढली आणि त्याच लाकडाला भावही अधिक मिळाला. मेंढा-लेखाचा बांबू आठवावा.

वरील मोहोळच्या पत्राशी जुळणारी एक गोष्ट कॅनडात आहे. तेथील इंडियन ॲक्टच्या ८९ व्या कलमानुसार राखीव भूमीवरील जमातीची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येत नाही. जमीन वाचते, पण गहाणही ठेवता येत नाही, म्हणून बँक दारात उभे करीत नाही. आपल्या वनहक्क पट्ट्याचे तसेच आहे. तो वारसाने मिळतो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. हे बंधन मी चुकीचे मानत नाही, कारण ते नसते तर पहिल्या दुष्काळातच पट्टे सावकाराकडे गेले असते. कॅनडातील जमातींनी त्यावर काढलेला तोडगा असा, की जमिनीऐवजी आपले ठरलेले उत्पन्न हमी म्हणून एकत्र ठेवायचे आणि सर्वांनी मिळून स्थापलेल्या वित्तसंस्थेमार्फत कर्जरोखे काढायचे. २०१४ मध्ये पहिले रोखे निघाले. २०२१ मध्ये मेंबरटू या समुदायाच्या पुढाकाराने मिकमाक या आदिवासी जमातीच्या सात समुदायांनी एका मोठ्या खाद्यकंपनीबरोबर क्लिअरवॉटर ही मासळी कंपनी सुमारे १ अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतली. आपल्या वाट्यासाठी लागणारे २५ कोटी डॉलर त्यांनी याच संस्थेकडून ३० वर्षांच्या मुदतीने उभे केले. आपल्याकडे तसे का होत नाही, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की आपण जमिनीला संरक्षण दिले आणि पतपुरवठ्याचा दुसरा दरवाजा उघडायचे विसरलो. बचत गट हा त्या दरवाजाचा झरोका आहे; तुम्ही अभ्यासासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या.

प्रश्न : आमच्या तांड्यात हातभट्टी बंद झाली. आता आम्ही पंधराजणी शिलाई करतो. कापड व्यापाऱ्याचे, माप व्यापाऱ्याचे, नगामागे मजुरी मिळते. जून गेला की काम आटते. पोरांचे बाप म्हणतात, भट्टीत यापेक्षा जास्त सुटत होते.
— बचत गटाच्या सदस्य, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : ताई, पोरांचे बाप हिशेबात चुकत नाहीत, त्यांचा हिशेब अपुरा आहे. छाप्यात गेलेला माल, वकील, कोर्टाची तारीख आणि घरातच पिऊन संपलेली दारू त्यात धरलेली नसते. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. त्यात मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी केवळ धाडी न घालता पर्यायी रोजगाराचा प्रयत्न झाला. धाडीने भट्टी महिनाभर थांबते, पोटाला दुसरे काही मिळाले तर ती अधिक काळ थांबते, हा त्यामागचा विचार योग्यच होता.

तुमची खरी अडचण तुम्ही स्वतःच लिहिली आहे : कापड त्यांचे, माप त्यांचे. सोलापूर हे गणवेशांचे शहर आहे आणि या धंद्यात शिलाईची मजुरी हा सर्वांत बारीक वाटा असतो. नफा कापड घेण्यात, बेतण्यात आणि गिऱ्हाईक धरण्यात असतो. म्हणून पंधराही जणींनी मशीनवर बसू नये. दोघींनी बेतणे आणि कटिंग शिकावे, एकीने बाजार आणि वसुली पाहावी, आणि तिला शिलाई करणाऱ्या बाईइतकाच मोबदला गटातून मिळावा. नाहीतर ‘ही नुसती फिरते’ अशी कुजबूज होते आणि गट मोडतो. पहिल्या वर्षी कापडात पैसे गुंतवू नका. आसपासच्या दोन-तीन शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना भेटून कापड त्यांचे आणि कटिंग-शिलाई तुमची, असा करार करा. २०२४-२५ मध्ये राज्याने गणवेश शिवण्याचे काम महिला बचत गटांना दिले होते. कापलेले कापड वेळेवर पोचले नाही, मुले जुन्या गणवेशात शाळेत गेली, आणि पुढच्या वर्षासाठी हे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. बायकांना शिवता येत नव्हते म्हणून ते फसले नाही. कात्री दुसऱ्याच्या हाती होती. जूननंतरच्या महिन्यांसाठी दवाखान्यांच्या चादरी-पडदे, वसतिगृहांची अभ्रे, लग्नसराईच्या पिशव्या अशी साधी, मापाची कटकट नसलेली कामे शोधा.

प्रश्न : बंजारा भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, तर तांड्यातील स्त्रियांचे उत्पन्न वाढेल काय?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : लगेच वाढणार नाही. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला आणि आपल्याकडील वारली चित्रकलेला मानांकन मिळाले आहे, आणि सोलापुरी चादरीला तर ते फार आधी मिळाले. चादरीचे पुढे काय झाले हे आपण बाजारात पाहतोच : परगावच्या यंत्रमागांवर निघालेली स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकली जाते. मानांकन ही ढाल आहे. ती उचलून उभे राहायला, म्हणजे नक्कल करणाऱ्याला न्यायालयात खेचायला, पैसा आणि संघटना लागते. आधी संघटना.

प्रश्न : इतकी वर्षे आरक्षण, योजना आणि कोट्यवधींचा निधी देऊनही हे समाज वर येत नाहीत, तर दोष कोणाचा? कर भरणाऱ्यांनी किती काळ द्यायचे?
— एक व्यापारी, सोलापूर

उत्तर : ‘हे समाज’ म्हणताना आपण निदान दोन वेगळ्या खात्यांची बेरीज केली आहे. अनुसूचित जमातींसाठी महाराष्ट्राने सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३-९४ पासून लोकसंख्येच्या प्रमाणात, तेव्हा ९ टक्के, नियोजन निधी वेगळा काढण्यास सुरुवात केली. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ९.३५ टक्के आहे. तो निधी वेळेवर आणि त्याच कामावर खर्च होतो का, यावर आपण रागवावे, मीही रागावतो. विमुक्त आणि भटक्यांचे मात्र असे घटनात्मक खातेच नाही. त्यांची यादी राज्याराज्यांत बदलते. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात आणि महाराष्ट्रात विमुक्त जात आहे; म्हणजे विजापूरकडच्या तांड्यातील मुलगी लग्न होऊन दक्षिण सोलापुरात आली, की तिच्या माहेरचा आणि सासरचा दाखला जुळत नाही. कैकाडी तर आपल्याच राज्यात विदर्भात अनुसूचित जातीत आणि सोलापुरात विमुक्तांत मोडतात.

आता कोट्यवधींविषयी. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी ‘सीड’ योजना आणली, तिच्यात शिकवणी, आरोग्यविमा, उपजीविका आणि घरे या चारही गोष्टी येतात आणि तिची तरतूद पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये होती. रेणके आयोगाने २००८ मध्ये या जमातींची देशातील संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला होता. आपण व्यापारी आहात, भागाकार आपणच करावा. माझा भागाकार माणशी वर्षाला चार रुपयांपेक्षा कमी येतो.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात वन धन केंद्र काढता येईल काय? आमच्या भागात चिंच आणि सीताफळ बांधाबांधावर आहे आणि ते गोळा करणारी बहुतेक कुटुंबे पारधी व वडार आहेत.
— एक सामाजिक कार्यकर्ता, बार्शी तालुका

उत्तर : वनोपजावर प्रक्रिया करून ते विकणारी वन धन केंद्रे २०१८ पासून निघाली ती मुख्यतः जंगल आणि आदिवासी वस्ती असलेल्या भागांसाठी, सुमारे ३०० सदस्यांच्या समूहाची. आपल्याकडे त्या अटी जुळवण्यात वर्षे जातील. त्याऐवजी दहा उत्पादक एकत्र आले तरी उत्पादक कंपनी नोंदवता येते. पण आधी बांधाच्या मालकाशी झाडावरील चिंचेचा वाटा लेखी ठरवून घ्या, एका पावसाळी शेडची सोय करा, आणि पहिल्या हंगामात चिंच फोडून, चिंचोका वेगळा करून विकल्यास बार्शीच्या बाजारात अख्ख्या चिंचेपेक्षा किती अधिक मिळतात, हे दोन-तीन पोत्यांवर पाहा. चिंच फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. वाटा ठरवण्याची बोलणी दिवाळीनंतर लगेच, व्यापाऱ्याने झाडे आगाऊ घेण्याच्या आत, व्हायला हवीत.